एकेचाळीस गुणांची सायकल

१२ मार्च १९७८, रविवार

आज नेमणुकीचं पत्र हातात पडलं. व्यायाम मंडळाच्या महिला विभागाची संघटक. मुदत तीन महिने.

मंडळाची तालीम आमच्या साखर पेठेच्या टोकाला आहे. मधे पुरुषांचा लाल मातीचा हौदा आणि मल्लखांब. डाव्या हाताला एक लांबट खोली आहे, तिच्यात आजवर मिरवणुकीची लेझीम आणि कॅरमचे बोर्ड पडून असत. ती खोली आता रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा बायकांना मिळणार. चिटणीस वेणीमाधवराव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, बोलणं रोखठोक. म्हणाले, "रुक्मिणीबाई, अकरा जूनपर्यंत खोली तुमची. रोज दहा जणी येऊ लागल्या तर कायमची तुमची. नाही आल्या, तर पोरं कॅरम खेळायला उभीच आहेत."

दहा जणी! पेठेत चारशे बायका असतील. मला मुळीच धास्ती वाटली नाही.

शिवाय एका देणगीदारांनी या खोलीसाठी व्यायामाची सायकल देऊ केली आहे. ती जागेवरच उभी असते. आपण पायडल मारायचे, चाक फिरतं. अशा सायकलींचे दोन-तीन प्रकार निघतात म्हणे. त्यातला कोणता घ्यायचा, हे मी ठरवायचं आहे.

घरी आई-दादांना सांगितलं. दादा मिलमधून नुकते आले होते. म्हणाले, "सायकल हाय आन कुटं जात न्हाय? मग ती सायकल कशाची?"

आई म्हणाली, "पडायचं भ्या न्हाय, त्ये बरं हाय की."

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. त्याचा उपयोग नुसता माझ्यापुरता होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. इथल्या बायका दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. आईही वळते. वाकलेल्या पाठी मी लहानपणापासून बघत आले. ह्या बायकांना दिवसातून अर्धा तास तरी ताठ बसवायचं, हा माझा संकल्प.

जाता जाता आणखी एक चांगली गोष्ट. आईने स्टोव्ह जमिनीवरून उचलून दादांच्या पत्र्याच्या ट्रंकेवर ठेवला आहे. आता उभ्यानेच भाकरी करते, नव्या घरांतल्या ओट्यावर करतात तशी. मी म्हटलं, छान सुधारणा केलीस. ती नुसती हसली.

१९ मार्च, रविवार

बिरप्पा सायकलवाल्यांच्या दुकानात गेले. त्यांनी दोन सायकली पसंतीसाठी मागवून ठेवल्या आहेत. पसंत पडली तर ठेवायची, नाही तर मेच्या मध्यापर्यंत परत पाठवायची. आई कारखान्यात विड्या द्यायला निघालीच होती, तीही वाटेत माझ्याबरोबर थांबली.

पूर्ण तयारीनिशी गेले होते. कॉलेजातले एन.सी.सी.चे कॅनव्हासचे बूट घातले, पदर खोचला, वही काढली. बिरप्पा म्हणाले, "अक्का, तुमी तर परेडला आल्यासारख्या आलाव!"

पहिली सायकल मुंबईहून आलेली. उंच, निळी, चकचकीत. हँडलच्या मधोमध काटा आहे, किती किलोमीटर झाले ते दाखवतो. बाजूची कळ फिरवली की चाक जड होतं. मी दोन किलोमीटर मारले. असं वाटलं की मी होटगी रोडला लागले आहे आणि वारा तेवढा यायचा राहिलाय.

दुसरी बुटकी. तिचं चाक ओतीव लोखंडाचं. चाक एकदा फिरायला लागलं की पाय थांबवले तरी पायडल फिरतच राहतात. माझा पदर जवळजवळ ओढला गेला. बिरप्पांनी धावत येऊन चाक धरलं.

तिसरी बिरप्पांनी स्वतः बनवलेली. लोखंडी खुर्ची, तिला पाठ टेकायला पट्टा आणि पुढे खाली पायडल. काटाबिटा काही नाही. त्यांचे वडील अर्धांगाने आजारी होते तेव्हा त्यांच्यासाठी केली होती म्हणे. एका कोपऱ्यात पडली होती. त्या खुर्चीवर आई बसली होती, कारण दुकानात बसायला दुसरं काही नव्हतं. पाय आपोआप पायडलवर गेले होते.

"हे बरं हाय, रुकमे," ती म्हणाली.

आईला कुठेही टेकायला मिळालं की बरंच वाटतं. मी म्हटलं, "आई, हे दवाखान्यातलं आहे. आपल्याला व्यायामशाळा काढायचीय."

"व्हय," ती म्हणाली आणि खुर्चीच्या दोन्ही दांड्यांना धरून उठली.

२१ मार्च, मंगळवार

निवड आवडीनिवडीवर करायची नाही, रीतसर करायची, असं ठरवलं होतं. पाच मुद्दे काढले, प्रत्येकाला दहा गुण.

ताठ बसणे: पहिली १०, दुसरी ८, तिसरी २. प्रगतीची नोंद: १०, २, ०. टिकाऊपणा: ६, ९, ७. रूप: ९, ८, ४. शेवटचा मुद्दा, किती जणींना वापरता येईल. त्यात तिघींना सारखेच ६ दिले, कारण पाय सगळ्यांनाच असतात.

एकूण पहिली ४१, दुसरी ३३, तिसरी १९. निकाल इतका स्वच्छ लागला की मलाच बरं वाटलं. वेणीमाधवरावांना तक्ता दाखवला. ते म्हणाले, "पेपर तुम्हीच काढला, तुम्हीच तपासला. असो. आणा." शिक्षक माणूस, चेष्टा केल्याशिवाय राहवत नाही.

८ एप्रिल, शनिवार, पाडवा

उद्‌घाटन झालं! महिला मंडळाच्या अध्यक्षा मालतीबाई वकिलांच्या हस्ते. खोलीतल्या कोनाड्यात मारुतीची तसबीर आहे, तिला हार घातला. तालमीचा नियम असा की उंबऱ्याच्या आत पायात काही घालायचं नाही. आम्ही सगळ्या अनवाणी होतो. मालतीबाई पाहुण्या, म्हणून त्यांच्या चपलांविषयी कुणी बोललं नाही. त्या सायकलवर बसल्या, पन्नासेक वेढे मारले आणि म्हणाल्या, "अगदी अलगद चालते हो! जिमखान्याला शोभेल अशी आहे." टाळ्या पडल्या.

मी पाच मिनिटं बोलले. "ही सायकल कुठे जात नाही, पण आपण पुढे जाऊ," हे वाक्य सगळ्यांना आवडलं. आमच्या गल्लीतली नीलम्मा तेवढी म्हणाली, "पुढं म्हंजी कुटं, बाई? सा वाजता नळ येतोय." सगळ्या हसल्या. मीसुद्धा.

एकवीस जणींनी नावं दिली. एकवीस!

१५ एप्रिल, शनिवार

पहिला आठवडा. पहिल्या दिवशी एकवीस, मग अठरा, आज चौदा. प्रत्येकीला चार-पाच मिनिटं देते. हातात घड्याळ आणि रजिस्टर घेऊन शेजारी उभी राहते, सायकलवर चढताना हात देते, काट्यावरचा आकडा लिहून घेते. मला स्वतःला बसायला सवड मिळत नाही, पण संघटकाने आधी दुसऱ्यांचं पाहावं.

आज प्रश्नावली वाटली. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची मी भरली. सायकल आवडली का? चालवायला सोपी वाटते का? रोज याल का? चौदाच्या चौदा जणींनी तिन्ही प्रश्नांना "होय" सांगितलं. बजाबाई साठीच्या पुढच्या, नऊवारीतल्या. त्या तर मी प्रश्न वाचायच्या आधीच "व्हय" म्हणाल्या.

जाताना पाहिलं, नीलम्माच्या तळव्यांना हळद लावलेली होती. आणखी दोघींच्याही. नीलम्माच्या घरी कुणाचं लग्न ठरलं असेल आणि त्या दोघी मदतीला गेल्या असतील. मला कुणी काही सांगितलं नाही. उद्या विचारीन.

आई विड्या देऊन हल्ली उशिरा घरी येते. म्हणाली, "बिरप्पाच्या दुकानात सावली हाय. टेकते जरा." ऊन बेचाळीसला पोचलंय, टेकलेलं बरंच.

२२ एप्रिल, शनिवार

नऊ.

लाज वाटत असावी. खिडकी हौद्याकडे उघडते, तिथून पोरं बघतात. खिडकीला जुन्या चादरीचा पडदा लावला. वेणीमाधवरावांनी पोरांना दम भरला, "खिडकीकडे ज्याची मान वळेल, त्याने दोनशे बैठका मारायच्या." आता पोरं इतकी समोर बघून चालतात की एक जण मल्लखांबाला धडकला.

दादांच्या डब्याच्या पिशवीतून आज दोन झिजलेले धोटे निघाले. मिलच्या भंगारातले, साहेबांना विचारून आणलेले. कापड विणायच्या साच्यावर वर्षानुवर्षं सुतातून ये-जा करून त्यांचं लाकूड इतकं गुळगुळीत होतं की हात फिरवतच राहावा. मी विचारलं, "कशाला हे?"

"हायेत एकाला पायजे," दादा म्हणाले आणि आईकडे बघून हसले. ह्या वयात त्यांची आपसांत काही गंमत चालते, ते बघून छान वाटलं.

नीलम्माकडे लग्नबिग्न काही नाही. "मग हळद कसली?" विचारलं तर म्हणाली, "अशीच, बाई. उन्हाळा हाय." उन्हाळ्यात हळद लावतात हे मला माहीत नव्हतं.

३ मे, बुधवार

तीन. नीलम्मा, बजाबाई आणि एक नवी, ती एकदाच बसली आणि आईची आठवण आली म्हणून माहेरी कुंभारीला निघून गेली.

खरं लिहायचं तर आज राग आला. घरोघर गेले. "पोराला बरं न्हाय", "विड्या ऱ्हायल्यात", "पावनं आल्यात". मी म्हटलं, स्वतःसाठी पाच मिनिटं काढता येत नाहीत? मान खाली घालून ऐकून घेतलं सगळ्यांनी. एकीने तर चहा केला. चहा पिऊन मी आणखी बोलले. घरी येताना वाटलं, आपल्या लोकांना पुढे नेणं अवघड आहे, पण कंटाळून चालणार नाही. निम्म्या वाटेवर सोडून देणारी मी नाही.

तालमीत पोरांनी कॅरमच्या बोर्डांना पावडर लावून ठेवलीय. मला दिसेल अशी.

जेवताना आईला म्हटलं, "तू का येत नाहीस गं? तू आलीस तर बाकीच्या येतील."

"मला न्हाय जमायचं, बाळ. उंच हाय ती."

"मी हात देईन ना."

"तू किती जनींला हात देशील?" ती म्हणाली आणि माझ्या ताटात शेंगाची चटणी वाढली.

९ मे, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

पाच वाजता एकटी नीलम्मा आली. मी घड्याळ काढलं. तिने सायकलला हातही लावला नाही. खाली बसली आणि म्हणाली, "बाई, तुमी बसलाव का कवा हिच्यावर?"

"म्हणजे काय! दुकानात दोन किलोमीटर मारले."

"हितं?"

"इथे कसं बसणार? रजिस्टर कोण भरणार?"

"म्या धरती रजिस्टर. मला ल्ह्याया येत न्हाय, पर धराया येतंय की. बसा."

मी बसले. पहिले दहा-वीस वेढे काही वाटलं नाही. मग उजव्या तळव्याला काहीतरी चावल्यासारखं झालं. खाली पाहिलं. पायडलच्या दोन्ही कडांना करवतीसारखे दाते आहेत, बूट घसरू नये म्हणून. बूट! दुकानात माझ्या पायांत कॅनव्हासचे बूट होते. मालतीबाईंच्या पायांत चपला होत्या. आणि ह्या एकवीस जणी महिनाभर त्या दात्यांवर उघडे पाय दाबत होत्या. शेजारी मी उभी राहून "आणखी जोरात, आणखी जोरात" म्हणत होते.

अर्धा किलोमीटर झाला आणि माझ्याने पुढे जाववेना. उतरले. तळव्यांवर लाल रेघा उठल्या होत्या. नीलम्मा रजिस्टर छातीशी धरून बघत होती.

"म्हणून हळद?"

"म्हनून हळद."

"मग सांगितलं का नाही कुणी? मी प्रश्नावली दिली होती!"

"त्या कागदात तळपाय कुटं हुता, बाई? आवडली का, इचारलाव. आवडली की! निळी हाय, झ्याक हाय. रोज याल का, इचारलाव. तुमच्या तोंडावर न्हाय म्हनायचं व्हय? पेठेतली पोरगी बी.ए. झाली, एवढ्या हौसेनं सायकल आनली, तिला नावं ठिवायची? मग आमी घरातच बसलो. कुनाला वंगाळ वाटाया नको."

मला हसू आलं की रडू, कळेना. म्हटलं, "उद्यापासून सगळ्यांनी चपला घालून बसायचं. मी वेणीमाधवरावांशी बोलते."

नीलम्मा कोनाड्याकडे बघून उठलीच. "अय्यो, मारुतीच्या म्होरं चपला? म्या न्हाय बसनार. कुनीच न्हाय बसनार."

"मग पायडलना सुतळी गुंडाळू. लाकूड लावू."

"लावा. पाय बरं हुतील. पर चढायचं कसं?" तिने सायकलच्या सीटवर हात ठेवला. सीट तिच्या कमरेच्या वर येते. "विड्या वळून वळून गुडघं धरल्यात सगळींचं. तुमी हात देताव, म्हनून चढतो. बजाबाई चढताना दर वक्ताला देवाचं नाव घेती, ते काय भक्तीनं घेती व्हय? तुमच्या आईला इचारा. तिचं तर लईच धरल्यात."

"आईचे?"

नीलम्माने पदर सावरला. मग रजिस्टर माझ्या हातात देऊन म्हणाली, "जाते. नळ यील."

१० मे, बुधवार

दुपारी चारला बिरप्पांकडे गेले. मुंबईच्या सायकलचे पायडल बदलता येतील का विचारायला, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

आई तिथे होती. त्या खुर्चीवर. विड्यांचं रिकामं सूप शेजारी टेकवलेलं, लुगड्याचा काष्टा मारलेला, पाठ पट्ट्याला टेकलेली, डोळे अर्धवट मिटलेले, आणि पाय संथ फिरत होते. ओठ हलत होते. पायडल दातेरी नव्हते. प्रत्येक बाजूला धोट्याचे दोन तुकडे जोडून बसवले होते. आमच्या घरून गेलेले धोटे.

बिरप्पांनी मला पाहिलं आणि उगाच एका ट्यूबला हवा भरायला घेतली.

"कधीपासून?" मी विचारलं.

आईने डोळे उघडले. दचकली नाही. "तू मापं घ्याया आलतीस ना, त्याच्या दुसऱ्या दिशीपासून."

"सात आठवडे!"

बिरप्पा म्हणाले, "सुरवातीला शंभर वेढ्यात दमायच्या. आता आईकनात. गिऱ्हाईक उभं ऱ्हातंय, ह्यांचं हुईस्तवर म्या खुर्चीकडचा पान्ना बी घिऊ शकत न्हाय."

"आई, गुडघे दुखतात हे मला का नाही सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं? सगळ्यांचं दुखत्यात."

"आणि ही सायकल चांगली आहे, हे?"

"सांगितलं की. 'हे बरं हाय' म्हनलं. तू दवाखान्यातलं म्हनलीस." ती रागावलेली मुळीच नव्हती. "मग तू कागदावर मार्कं दिलीस. दादांनी वाचून दाखवलं मला, ह्या खुर्चीला एकोनीस. शिकलेल्या मानसानं मार्कं दिल्यावर म्या काय बोलू?"

मी तिथेच एका उलट्या टायरवर बसले. तक्त्यातला पाचवा मुद्दा आठवला. किती जणींना वापरता येईल. तिघींना सहा-सहा, कारण पाय सगळ्यांनाच असतात. आईला खाली उठबस होईना म्हणून घरात स्टोव्ह ट्रंकेवर चढला, तेव्हा मी सुधारणा म्हणाले होते.

आईचे पाय थांबले नव्हते. "बोलू नगंस जरा," ती म्हणाली. "मोजनी चुकतीय."

१२ मे, शुक्रवार

दोन दिवस विचार केला. मला वाटलं होतं की चूक झाली हे कळल्यावर माणूस खचतं. तसं काही झालं नाही. उलट आता काय करायचं ते स्पष्ट दिसतंय, ते त्या गुणांच्या तक्त्यात कधीच दिसलं नव्हतं. भीती एवढीच की रविवारी कार्यकारिणीसमोर माझाच निर्णय मला मोडायचा आहे. तीन जणींचं रजिस्टर आणि मोडलेला निर्णय. खोली काढून घ्यायला एवढं पुरेसं आहे.

प्रश्नावल्या फाडल्या नाहीत. जपून ठेवल्या. प्रश्न कसा विचारू नये हे बघायला उपयोगी पडतील.

१४ मे, रविवार

बैठक खोलीतच भरवा अशी मी विनंती केली होती. दोन्ही सायकली शेजारीशेजारी मांडल्या. बिरप्पांनी खुर्ची हातगाडीवरून आणली. मालतीबाई, वेणीमाधवराव आणि आणखी तिघे सभासद. दारात नीलम्मा आणि बजाबाई, त्यांच्या मागे पेठेतल्या बऱ्याच जणी. नीलम्माने सांगितलं असणार.

मी म्हटलं, "बोलण्याआधी एक विनंती. सरांनी निळ्या सायकलवर फक्त शंभर वेढे मारावेत."

वेणीमाधवराव धोतर सावरून बसले. पायात अर्थातच काही नव्हतं, हा नियम त्यांनीच तर पाळायला लावलेला. वीस वेढे झाले. चाळीस. पंचेचाळिसाव्याला थांबले. तळवा उचलून पाहिला.

"हं," ते म्हणाले.

"अजून पंचावन्न, सर," मी म्हटलं. दारातून बजाबाईंचा आवाज आला, "देवाचं नाव घ्या म्हाराज, हुतंय!" सगळ्या हसल्या. आजवर मी त्यांना या खोलीत असं हसताना ऐकलं नव्हतं.

मग मी सगळं सांगितलं. बूट, चपला, हळद, प्रश्नावली, गुडघे. माझा तक्ताही दाखवला. शेवटच्या मुद्द्यावर बोट ठेवून म्हटलं, इथे मी चुकले. निळी सायकल परत करावी आणि देणगीतून ही खुर्ची घ्यावी, अशी माझी शिफारस आहे.

मालतीबाई म्हणाल्या, "पण हे अगदी दवाखान्यातलं दिसतं हो."

"मीही हेच म्हणाले होते," मी म्हटलं. "मार्चमध्ये. ह्याच शब्दांत."

एक सभासद म्हणाले, "आणि ह्या खुर्चीवर पाय पुढे येतात. पाय मारुतीकडे करणार का?" दुसरे म्हणाले, "मग पाठ मारुतीकडे करा." "पाठ फिरवायची देवाकडे?" यावर दहा मिनिटं गेली. शेवटी नीलम्मा दारातूनच म्हणाली, "आडवी ठिवा की. मारुती कुशीला ऱ्हाईल. लेकराला न्हाय का घेत कुशीला?" खुर्ची आडवी ठेवायची ठरली. म्हणजे तोंड खिडकीकडे, हौद्याकडे.

"पडदा?" वेणीमाधवरावांनी विचारलं.

"काढून टाका," बजाबाई म्हणाल्या. "पोरांनी आमाला बघितलं तर बघू द्या. आमी बी बघू त्यांच्या बैठका."

वेणीमाधवरावांनी ठराव लिहून घेतला. मग चष्मा पुसत मला म्हणाले, "शिफारस मंजूर. खोलीचं मात्र ठरल्याप्रमाणे. अकरा जून, दहा जणी. त्यात सवलत नाही." मला त्यांचा तोच रोखठोकपणा आज आवडला.

२८ मे, रविवार

रोज सात-आठ जणी. बिरप्पांनी दुसरी खुर्ची करायला घेतलीय, पहिलीच्या मापाने, पण पाय लांब-आखूड करता येतील अशी.

मला एकच चिंता होती. काटा नाही, तर प्रगती मोजायची कशी? आईला विचारलं, तू काय मोजतेस? ती म्हणाली, "कट्टं." पंचवीस विड्यांचा एक कट्टा. पंचवीस वेढे झाले की एक बोट मिटायचं. चाळीस कट्टे झाले की हजार. विडीवालीला हजार म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, मजुरीच हजार विड्यांवर मिळते.

रजिस्टरमधला "किलोमीटर" हा रकाना खोडला आणि वर "कट्टे" लिहिलं. नीलम्मा सोळा, बजाबाई नऊ. बजाबाई नऊवर खूश नाहीत. म्हणतात, आदी नळ बंद करा, मग बगा माजं कट्टं.

आई अजून खोलीत आलेली नाही. म्हणते, "बिरप्पाकडं आता खुर्ची न्हाय, म्हनून हितं यायचं व्हय? लोकं म्हंतील, पोरीनं आईला भरती केली." मी आग्रह केला नाही. आग्रह करायची माझी सवय आता जरा कमी झालीय. जरा.

११ जून, रविवार

पावणेपाचलाच आज बारा जणी उंबऱ्याबाहेर चपला काढत होत्या. तेरावी आई.

वेणीमाधवराव दारात खुर्ची टाकून मोजत बसले होते. खिडकीपलीकडे पोरं बैठका मारत होती. खोलीतून नीलम्मा त्यांना ओरडून सांगत होती, "ए, वाकलास का रं! पाठ सरळ ठिव!" एका पोराने खरोखरच पाठ सरळ केली.

आई चौथ्या नंबरला बसली. पट्ट्याला टेकली. माझ्याकडे अजिबात पाहिलं नाही, बोटं मिटत राहिली. मी घड्याळ पिशवीतून काढलंच नाही. पंचविसाव्या कट्ट्याला घामाने तिचं कुंकू ओघळलं. पस्तिसाव्याला बजाबाईही तिच्याबरोबर बोटं मिटू लागल्या. चाळीसला ती थांबली आणि म्हणाली, "हजार." दारातून वेणीमाधवराव म्हणाले, "तेरा." मग वहीत काहीतरी लिहून, ती वही मिटून, पोरांना म्हणाले, "कॅरमचे बोर्ड वरच्या माळ्यावर नेऊन ठेवा."

घरी येताना आई आणि मी शेजारीशेजारी चालत होतो. तिने वाटेत मेथीची जुडी घेतली.

घरात आल्यावर पदर खोचून ती ट्रंकेसमोर उभी राहिली. मग म्हणाली, "रुकमे, त्यो इस्टो खाली घे."

मी स्टोव्ह उचलून जमिनीवर ठेवला, जिथे तो मार्चपर्यंत असायचा. तिने एक हात भिंतीला लावला. मी हात पुढे केला, तिने घेतला नाही. सावकाश, तोंडाने बारीकसा आवाज करत, ती पाटावर बसली. क्षणभर डोळे मिटले. मग परात ओढली.

"बघत काय ऱ्हायलीस? पीठ दे."

मी पीठ दिलं.